कोणते कुलकर्णी?

“कोणते कुलकर्णी?” काउंटरपलीकडच्या काकांनी विचारलं आणि मी गप्प झाले. श्रावणातली दुपार होती. नुकतीच एक सर येऊन गेली होती, जिन्याखालच्या बादलीत पाच-सहा छत्र्या निथळत होत्या आणि ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावरच्या त्या लांबट खोलीत ओल्या कागदाचा, खळीचा आणि डांबरगोळ्यांचा मिळून एक वास भरून राहिला होता. आजीचं काहीतरी छापून आलं होतं, ते शोधायचंय, एवढं मी सांगितलं होतं. आडनावही सांगितलं होतं. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, तालिकेच्या कपाटापाशी गेले आणि पितळी कडी धरून अख्खा खण ओढून माझ्यासमोर टेबलावर आणून ठेवला. हातभर लांब खण, कार्डांनी गच्च. तोंडाशी पितळी चौकटीत काळ्या शाईने लिहिलेली चिठ्ठी : कुलकर्णी, अ ते भ. “पुढचे दुसऱ्या खणात आहेत,” ते म्हणाले. “आद्याक्षरं सांगा ताई, म्हणजे लगेच निघेल.”

आद्याक्षरं मला सांगता येईनात.

खरं म्हणजे कुलकर्ण्यांची आद्याक्षरं मला झोपेतून उठवून विचारली तरी आली असती. एम. ए.ला मराठी घेतलेल्या माणसाला ती यावीच लागतात. वा. ल., गो. म., व. दि., द. भि. हे सगळे समीक्षक आणि सगळे कुलकर्णी. व्युत्पत्तिकोशवाले कृ. पां. शिवकाळावर लिहिणारे अ. रा. जुन्या मराठी वाङ्मयाचे श्री. रं. आम्ही वर्गात ‘वालं’, ‘दभि’ असंच म्हणायचो, आडनाव कोणी उच्चारतच नसे. १९५२ साली अमळनेरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष कृ. पां., १९६५ साली हैदराबादच्या संमेलनाचे वा. ल., २०१० साली पुण्याच्या संमेलनाचे द. भि.; तिन्ही ठिकाणी कुलकर्णीच, आणि तरी कधी गोंधळ झाला नाही. दोन अक्षरं आणि दोन टिंबं, एवढ्यावर मराठीत माणूस पुरता ओळखू येतो. आडनाव इतकं पसरलेलं असलं की ते नाव राहत नाही, ते नुसतं गाव होतं, आणि आद्याक्षरं म्हणजे त्या गावातल्या घराचा पत्ता. आणि हे सगळे पत्ते पाठ असलेल्या मला, जिच्या मांडीवर मी वाढले त्या बाईचा पत्ता सांगता येत नव्हता.

आजीला सगळे आक्का म्हणत. आम्ही नातवंडं, तिच्या सुना, शेजारपाजारचे, दूधवाला, सगळेच. तिचं सासरचं नाव मला माहीत होतं, ते ‘स’ने सुरू होतं. लग्नात नवऱ्या मुलाने तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीने ते लिहिलं होतं. मला ती गोष्ट लहानपणी फार आवडायची. ताटात पसरलेले तांदूळ, त्यातून फिरणारी अंगठी, आणि दाणे बाजूला सरून उमटलेलं नवं नाव. मी विचारायचे, “मग ते तांदूळ?” ती म्हणायची, “मग काय, शिजवले असतील.” त्याआधीचं, माहेरचं नाव मात्र मी तिला कधी विचारलंच नाही. शिवाय गंमत अशी की ती माहेरचीही कुलकर्णीच. गोत्र वेगळं, आडनाव तेच. म्हणजे खण तोच राहणार होता. पण लग्नाआधी लिहिलं असेल तर एक आद्याक्षर, लग्नानंतर लिहिलं असेल तर दुसरं, आणि मधलं वडिलांचं की नवऱ्याचं, तेही वेगळं. एकाच खणात दोन ठिकाणी ती असू शकत होती. किंवा कुठेच नाही.

काकांनी मग विचारलं, “पुस्तक होतं का?” मी म्हटलं, नाही, मासिकात आलं होतं. “मग हा खण उपयोगाचा नाही. यात पुस्तकंच.” पण तोवर माझी बोटं कार्डांवर फिरायला लागली होती आणि त्यांनीही खण परत मागितला नाही. कार्डांच्या खालच्या बाजूला भोक, त्यातून गेलेला लोखंडी गज. जुनी कार्डं बोरूसारख्या जाड टाकाने लिहिलेली, अक्षर एकाच माणसाचं, तिरपं आणि टपोरं. त्यानंतरची टंकलेखन यंत्रावरची. त्यात ‘र्णी’वरचा रफार दर कार्डावर किंचित पुढे सरकून पडलेला. शंभर वेळा सरकलेला तो रफार पाहून त्या यंत्रावर बसणाऱ्या माणसाची मला आठवण झाली, त्याला कधीही पाहिलेलं नसताना. काही कार्डांवर ‘कुळकर्णी’ होतं, एकदोन फार जुन्यांवर ‘कुळकरणी’. कोणीतरी पेन्सिलीने त्यावर बारीक टीप केली होती : पाहा, कुलकर्णी.

हा ‘ळ’ मला थांबवून ठेवतो. कुळकरणी हे मुळात आडनाव नव्हेच, ते काम. गावातल्या कुळांचा हिशेब लिहिणारा तो कुळकरणी. पाटलाने वसूल करायचं आणि याने लिहायचं. गाव तिथे पाटील आणि गाव तिथे कुलकर्णी, म्हणून तर हे आडनाव इतकं झालं. ज्ञानेश्वरांचं घराणं आपेगावचं कुलकर्णी, रामदासांच्या घरी जांबेचं कुलकर्णपण. खणात मात्र दोघेही नाहीत, त्यांना आडनावाची गरजच पडली नाही. लिहिण्याचंच काम आडनाव होऊन बसलं, याचा शाळेत असताना मला अभिमान वाटायचा. पुढे जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ वाचला आणि त्या अभिमानाला खिळ बसली. ज्याला वाचता येत नाही त्याच्या नावावर काय लिहिलंय हे फक्त लिहिणाऱ्याला माहीत असणं, ही केवढी सत्ता आहे, हे तिथे कळलं. १९१८ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतनं काढून घेतली आणि पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यात कायद्याने ती १९५० नंतर गेली. काम गेलं, आडनाव मागे राहिलं. आमच्या घरात दफ्तराचं काम बाबांच्या आजोबांपर्यंत होतं म्हणतात. त्या दफ्तरात काय काय लिहिलं गेलं असेल, कोणाचं शेत कोणाच्या नावावर चढलं असेल, ते मला माहीत नाही, आणि माहीत नाही म्हणून ते नव्हतंच असं मी म्हणणार नाही. त्याच घरातल्या एका बाईने स्वतःच्या मनाने, कोणाच्याही हिशेबासाठी नव्हे, एकदा काहीतरी लिहिलं. ते मला हवं होतं.

तिने मला सांगितलं तेव्हा मी बारा वर्षांची असेन. दुपारची वेळ, ती माजघरात पाय पसरून सुपात तांदूळ निवडत होती आणि मी बक्षीस मिळालेला निबंध तिला वाचून दाखवत होते. खडे एका बाजूला काढता काढता ती म्हणाली, “माझंही आलं होतं एकदा छापून.” मी म्हटलं, काय? “पाण्याचं.” कशात? “मासिकात.” तेवढ्यात बाहेरून कोणीतरी मला हाक मारली आणि मी पळाले. पुढे सात वर्षं ती होती. सात वर्षांत मी परत विचारलं नाही.

बाबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. मोठ्या आत्याला एवढं आठवत होतं की टपालाने एक अंक आला होता, मुखपृष्ठावर बाईचं चित्र होतं आणि आजोबांनी तो देवघरातल्या फडताळात ठेवला होता. मग अठ्ठेचाळीस साल आलं. गांधीजींच्या हत्येनंतरच्या जाळपोळीत आमचा वाडा गेला, फडताळही गेलं. बाबा तेव्हा सात वर्षांचे. दक्षिण महाराष्ट्रातल्या किती घरांत ही तारीख अशीच येते, वाक्याच्या मध्येच. बाबा कधी त्याबद्दल कडवटपणे बोलले नाहीत. ज्यांनी त्या रात्री त्यांना धान्याच्या कणगीमागे लपवलं ते मराठ्यांचं घर होतं, हे मात्र ते दर वेळी सांगतात.

दुसऱ्या खेपेला काकांनी मला तालिकेकडे जाऊच दिलं नाही. संदर्भ विभागातून त्यांनी आधी दात्यांची सूची काढून दिली. शंकर गणेश दात्यांबद्दल मला जे वाटतं त्याला भक्तीच म्हणावं लागेल. १८०० ते १९३७ या काळात छापल्या गेलेल्या मराठी पुस्तकांची सूची १९४३ साली, आणि त्यापुढच्या १९५०पर्यंतच्या पुस्तकांची १९६१ साली. ग्रंथालयं पालथी घालून, एकेक पुस्तक हातात घेऊन. मागच्या लेखकसूचीत कुलकर्ण्यांचा रकाना पानं ओलांडत जातो. तो वाचताना एक लय लागते, शाळेतल्या हजेरीसारखी. कोणी शेतीवर लिहिलंय, कोणी स्तोत्रं, कोणी अंकगणित, कोणी नाटक. एकेका पुस्तकाचे हे लेखक. त्यांच्यानंतर त्यांच्या घरातही कोणी ते पुस्तक ठेवलं असेल का, असं वाटत राहतं. पण दात्यांनी ते लिहून ठेवलं.

याच खणाने शिकवलेली एक गोष्ट : जी. ए. कुलकर्णी. धारवाडला राहून मराठी कथेत आपलं वेगळंच जग उभं करणारा हा लेखक. नाव गुरुनाथ आबाजी, म्हणजे मराठी रीतीने आद्याक्षरं ‘गु. आ.’ झाली असती. ती इंग्रजीतून आली म्हणून ‘ग’मध्ये त्यांचं फक्त एक दिशादर्शक कार्ड आहे आणि कथासंग्रह सगळे ‘ज’मध्ये. ‘काजळमाया’ला १९७३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद निघाला आणि जी. एं.नी पुरस्कार परत केला. आपल्याला जी तारीख कार्डाच्या कोपऱ्यातली बारीक नोंद वाटते, तिच्यापायी एवढं घडू शकतं. आणि धारवाडच्याच मुलखात कन्नड कादंबरीकार गळगनाथ होऊन गेले, त्यांचं नाव वेंकटेश तिरको कुलकर्णी. ते या खणात कधीच येणार नाहीत. आक्काचं माहेर तिकडचंच, बेळगावच्या पलीकडचं. तिच्या मराठीत कन्नडचे दाणे असत.

बायका मात्र या खणात मला फार कमी भेटल्या. काही कुलकर्णी जन्मून दुसऱ्या आडनावाखाली गेल्या, काही दुसरीकडून आल्या, काहींनी आडनावच टाकलं. मालतीबाई बेडेकरांचंच पाहा ना. जन्माने बाळूताई खरे, त्या नावानेही त्यांनी लिहिलं. ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली आलं ते विभावरी शिरूरकर या नावाने. आणि लग्नानंतर त्या बेडेकर. एक बाई आणि तीन खण. त्यांची तिन्ही कार्डं आज एकमेकींकडे बोट दाखवतात, कारण त्या मोठ्या लेखिका झाल्या. ज्यांनी आयुष्यात एकदाच लिहिलं त्यांच्या कार्डावर ‘पाहा’ कोण लिहिणार? मी स्वतः कॉलेजच्या नियतकालिकात कुलकर्णी म्हणून लिहिलं आणि पंचवीस वर्षं दुसऱ्या आडनावाने लिहिते आहे. हा बदल करताना मी क्षणभरही थांबले नव्हते. त्या दिवशी खणापुढे उभी असताना थांबले.

संगणकावर शोधून पाहिलं नाही असं नाही. पण जुन्या नोंदी ज्या फॉन्टमध्ये टाइप झाल्या तो आज उघडला तर पडद्यावर नुसती चिन्हं दिसतात, आणि स्कॅन करून ठेवलेल्या पुस्तकांची नावं रोमन लिपीत अशी काही लिहिलेली की कुलकर्णीच्या मध्येच अवतरणचिन्ह. ‘ल’ने शोधलं की ‘ळ’वाले येत नाहीत. हजार उत्तरं आली, पण तो पेन्सिलवाला माणूस तिथे नव्हता.

मग बांधीव अंक. आत्याच्या आठवणीतलं बाईचं चित्र धरून तीन मासिकं ठरवली आणि १९३८ ते १९४८ अशी वर्षं. काका एका वेळी दोनच खंड देत. लाल कापडी बांधणी, कोपरे वाळवीने खाल्लेले, पान उलटलं की कडेचा तुकडा पाकोळीसारखा टेबलावर पडायचा. मी घरून मऊ ब्रश नेला होता, ते तुकडे त्याने गोळा करून पानातच ठेवायचे. दर खंडाच्या सुरुवातीला वर्षाची अनुक्रमणिका असे, आधी ती वाचायची. दर गुरुवारी, अकरा गुरुवार. यमुनाबाई, गंगाबाई, ‘एक भगिनी’, ‘एक गृहिणी’, ‘तुमचीच एक’. आणि सौ. कुलकर्णी. आद्याक्षर नाही, गाव नाही, नुसतंच सौ. कुलकर्णी. एका खंडात दोन, एका खंडात चार. आंब्याचं पन्हं टिकवण्याची रीत, मुलांच्या खोकल्यावर उपाय, सासूला उद्देशून एक कविता, विणकामाचा नमुना. या एकच बाई की सहा? मला त्यातल्या प्रत्येकीबद्दल काहीतरी वाटायला लागलं. खोकल्यावर उपाय लिहिणारीने शेवटी लिहिलं होतं की तिच्या मुलाला मात्र त्याचा उपयोग झाला नाही. त्या ओळीवर मी पाच मिनिटं बसून होते. ती आक्का नव्हती, आमच्या घरात असं काही घडलेलं नाही, पण पुढचं पान उलटवेना. काकांनी न मागता चहा आणून दिला.

दरम्यान मी बेळगावच्या नात्यातल्या एका म्हाताऱ्या मावशींना फोन करून माहेरचं नाव विचारलं. त्यांनी फोन बाजूला ठेवून आत कोणाला तरी कानडीत विचारलं आणि परत येऊन सांगितलं. ‘य’ने सुरू होणारं नाव निघालं. मी ते मनात दोनदा म्हणून पाहिलं. माझ्या ओळखीच्या आक्काला ते अजिबात शोभत नव्हतं, एखाद्या चुणचुणीत, वेण्या घातलेल्या मुलीचं वाटत होतं. पण ‘य’ने कुठेच काही निघालं नाही. ‘स’नेही नाही.

नवव्या गुरुवारी, १९४६च्या एका अंकात, पान संपता संपता उरलेल्या जागेत बसवलेला अर्ध्या पानाचा मजकूर. ‘झिरा’. खाली सौ. कुलकर्णी.

उन्हाळ्यात ओढा आटला की वाळूत खड्डा करून पाणी काढायचं, त्याबद्दलचा. पहाटे काळोखात जायचं. आदल्या दिवशीचा खड्डा वाळूने भरलेला असतो, तो हाताने उपसायचा. पाणी येतं ते आधी गढूळ. ते उपसून टाकायचं आणि मग थांबायचं. थांबल्याशिवाय नितळ पाणी येत नाही. वाटीने अलगद घ्यायचं, तळाची वाळू हलता कामा नये, आणि फडक्यातून गुंडगीत ओतायचं. एक गुंडगी भरायला कितीतरी वेळ जातो, आणि दिवसभरात कोणी आपल्याला हाक मारत नाही असा तेवढाच वेळ असतो, असं तिने लिहिलं होतं. दोन गुंडग्या भरून झाल्या तरी ती कधी कधी तिसरी भरल्याचं करत बसून राही.

गुंडगी. कळशी नाही, घागर नाही. हा शब्द मी आक्काच्या तोंडून ऐकलाय, आईच्या तोंडून कधीच नाही. आई मूळची नगरकडची, तिला तो शब्द हसवायचा. आमच्या घरात एक तांब्याची गुंडगी अजून आहे, पोटाला पोचा पडलेली, तुळशीला पाणी घालायच्या उपयोगाची. मी तो मजकूर वहीत उतरवून घेतला, एकेक अक्षर, जुन्या शुद्धलेखनासकट. फोटोही काढला, पण उतरवताना हात थरथरत होता हे सांगायला हवं. मग मी उरलेले दोन गुरुवारही गेले आणि राहिलेले खंड पाहिले, कारण नाहीतर मी माझ्या मनासारखं उत्तर सापडलं म्हणून थांबले असते. पाण्यावर दुसऱ्या कोणा सौ. कुलकर्णींचं काही निघालं नाही. पण पाहिली ती तीनच मासिकं, आणि तेव्हाची मासिकं काय तीनच होती?

रविवारी बाबांकडे गेले. ते चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, डोळ्यांनी वाचता येत नाही. खुर्ची गॅलरीत ओढून बसले होते, पायावर शाल. मी म्हटलं, “बाबा, तुम्हाला काहीतरी वाचून दाखवते,” आणि कोणाचं ते न सांगता वाचायला सुरुवात केली. ते ऐकत राहिले. संपल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. खाली कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं.

“आमच्याकडं ओढा होता,” मग ते म्हणाले. “झिरे काढायच्या बायका. पण ओढे सगळीकडंच आटायचे.”

“आणि गुंडगी?”

“गुंडगी तर मिरजेपासून बेळगावपर्यंत सगळ्याच म्हणायच्या.” त्यांनी शाल गुडघ्यावर नीट केली. “कुणाचं म्हणालीस हे?”

“सौ. कुलकर्णी.”

“कोणते कुलकर्णी?”

मी वही मिटली नव्हती. त्यांनी हात पुढे केला, कागदावर ठेवला, जणू अक्षरं हाताला लागतील. “ते तिसऱ्या गुंडगीचं वाच परत,” ते म्हणाले. “सावकाश वाच.”